घरचा मास्क कितीला पडतो?

एक मास्क शिवायला मला १४३ रुपये लागले असते आणि बारा शिवायला २६५ लागले. दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच दुकानातले आहेत, एकाच दिवशीचे आहेत. घरी मास्क शिवणं स्वस्त की महाग, या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे.

निमित्त ताईचं. मार्च महिना म्हणजे तिच्याकडे, कोल्हापुरात, वर्षाची चटणी करायचे दिवस. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, भाजायच्या आणि डंखावर नेऊन कुटून आणायच्या. गल्लीतल्या पाच-सहाजणी मिळून करतात. फोनवर म्हणाली, "नाकाला पदर धरून धरून मान आखडली गं. तुझं मशीन धूळ खात पडलंय ना? दहा-बारा मास्क शिवून दे की. कापडाचं काय होईल ते सांग, देते."

मी म्हटलं, "कापडाचं काय सांगतेस, कपाटात ओटीचे ढीगभर ब्लाउजपीस पडलेत. काही खर्च नाही." हे वाक्य बोलण्याआधी मी कपाट उघडून बघायला हवं होतं. ते पुढे येईलच.

कशासाठी हवाय, ते आधी

कापडी मास्क धूळ अडवतो, तिखटाची भुकटी बऱ्यापैकी अडवतो आणि आपल्या शिंकेचे-खोकल्याचे तुषार समोरच्याच्या तोंडावर जाऊ देत नाही. दिवाळीची झाडलोट, माळा साफ करणं, मळणी, भिंत घासणं, दुचाकीवरून रोजची ये-जा, सर्दी झालेली असताना आजारी माणसाला भेटायला जाणं, एवढ्यासाठी तो पुरतो. मिरची भाजताना ठसका कमी होतो, बंद होत नाही. आणि डोळ्यांसाठी मास्क काहीच करत नाही, हे ताईला मी आधीच सांगून टाकलं.

शहराच्या धुरक्याचं मात्र वेगळं आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण सुती विणीतून जातात आणि त्याहून जास्त कडांच्या फटीतून जातात. दमा असेल, डॉक्टरांनी मास्क सांगितला असेल, तर शिवणकामात पैसे घालू नका. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण गाळणारा मास्क. आपल्याकडे अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे भारतीय मानक आहे. पाकिटावर तो क्रमांक आणि आयएसआयचा शिक्का बघून घ्या. झडपेचा मास्क श्वास सोडायला सोपा, पण सोडलेला श्वास न गाळताच बाहेर जातो. म्हणजे खोकला तुम्हालाच झाला असेल तर झडपेचा घेऊन दुसऱ्याचा काही फायदा नाही.

आणि फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या बाबतीत कापडी मास्क संरक्षण तर देत नाहीच, उलट तो ओला होतो आणि औषध तोंडापाशी धरून ठेवतो. तिथे औषधाच्या डब्यावर लिहिलेलाच मास्क लागतो. घरी शिवलेला द्यायचा नाही, फुकट मागितला तरी नाही. दोन वर्षांखालच्या बाळालाही कुठलाच मास्क बांधायचा नाही.

करोनाच्या पहिल्या महिन्यांत प्रश्न निवडीचा नव्हताच. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दुपदरी मास्कला आठ आणि तिपदरीला दहा रुपयांची कमाल किंमत ठरवून दिली, आणि त्या किमतीला तो सगळीकडे मिळत होता असं नाही. ८ एप्रिल २०२० ला मुंबईत मास्क सक्तीचा झाला. गावोगावच्या बचत गटांच्या बायकांनी तेव्हा मास्क शिवले. त्याच ऑक्टोबरात राज्य सरकारने दर आणखी खाली आणले : दुपदरी तीन रुपये, तिपदरी चार, एन-९५ एकोणीसपासून पुढे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातली सक्ती संपली. आता कापडी मास्क शिवायचा तो आपल्या गरजेपुरता, म्हणून हिशेबही शांतपणे करता येतो.

ओटीचे ब्लाउजपीस आणि इतर भ्रम

कपाटातून एकोणीस ब्लाउजपीस निघाले. हळदीकुंकू, डोहाळजेवण, वास्तुशांत, कोणाकोणाच्या मुंजी. वरचा रंग बघून सगळे सुती वाटतात. कडेचा एक दोरा उपसून चिमट्यात धरून काडी लावली की खरं कळतं. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि हाताला भुरभुरीत राख लागते. पॉलिएस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. एकोणिसांपैकी सुती निघाले पाच. बाकीचे चौदा पुन्हा घडी घालून कपाटात गेले, पुढच्या कोणाच्या तरी ओटीत जायला.

पॉलिएस्टर अगदीच टाकाऊ असतं असं नाही. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन पदरांचा मास्क सुचवला, त्यात तोंडाला लागणारा पदर घाम शोषणारा सुती, मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा आणि बाहेरचा पाणी न धरणारा, म्हणजे पॉलिएस्टरसारखा होता. पण उन्हात, भट्टीशेजारी बसून मिरच्या भाजणाऱ्या बाईला पॉलिएस्टरचा पदर लावायला सांगून बघा. धुळीसाठी दोन सुती पदर पुरतात, बाहेरचा घट्ट विणीचा आणि आतला मऊ. सर्दी-खोकल्यासाठी हवा असेल तर तिसरा पदर घाला.

कापडाची परीक्षा फुकट आहे. ट्यूबलाइटसमोर धरायचं. विणीची भोकं एकेक दिसत असतील तर ते अस्तराला ठीक, बाहेर नको. मग दोन पदर तोंडासमोर धरून मेणबत्ती फुंकून बघायची. सहज विझली तर कापड विरळ आहे. अजिबात हलली नाही आणि तुम्हालाच धाप लागली तर फार जाड आहे. जीन्सच्या कापडाचा मास्क हौसेने शिवून दहा मिनिटांत काढून टाकलेले लोक मला माहीत आहेत.

घरातलं सगळ्यात चांगलं कापड म्हणजे जुनं सुती धोतर, मांजरपाटाची चादर किंवा पदराजवळची सुती साडी. साडीचा बसायच्या जागचा भाग विरलेला असतो, तो घेऊ नका. टी-शर्टचं होजिअरी कापड मऊ खरं, पण ताणलं की भोकं मोठी होतात. त्याचा उपयोग पुढे वेगळ्याच ठिकाणी आहे.

विकत घ्यायचं तर मॅचिंग सेंटर गाठा, साड्यांचं मोठं दुकान नको. पुण्यात मी रविवार पेठेत गेले. सुती पॉपलिन ११० रुपये मीटर, आतल्या पदरासाठी अस्तराचं सुती कापड ७० रुपये मीटर. मऊ टू बाय टू १३० ला होतं, छान होतं, घेतलं नाही. हे भाव माझ्या वहीतले आहेत. तुमच्या गावात पाच-दहा रुपये इकडचे तिकडे होतील. इचलकरंजीच्या बाजूला राहत असाल तर माग तुमच्या दारातच आहेत, मला भाव सांगून जळवू नका. दुकानदार "कॉटनच आहे ताई" म्हणाला तरी कडेचा दोरा मागून घ्यायचा आणि बाहेर येऊन जाळायचा.

आता गणित. मोठ्या माणसाच्या मास्कला नऊ इंच बाय नऊ इंचाचा चौकोन लागतो, मुलांना सात बाय सात. पन्हा ३६ इंच, मीटर म्हणजे ३९ इंच. आडवे चार, उभे चार, एका मीटरात सोळा चौकोन. कागदावर सोळा. पण सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, म्हणून शिवायच्या आधीच धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं. नाहीतर तयार मास्क आटतो आणि हनुवटीवरून वर सरकतो. धुतल्यावर माझा ३६ चा पन्हा पस्तिशीच्याही खाली आला. नऊचे चार चौकोन त्यात बसत नाहीत. तीनच बसतात. म्हणजे मीटरात सोळा नव्हे, बारा. दुकानात उभं राहून "मीटरभरात सोळा" असा हिशेब केला असेल तर इथे एक तृतीयांश कापड महाग होतं. उरलेली सात-आठ इंचांची लांब पट्टी मात्र फेकायची नाही, कडांच्या पायपिनला तीच लागते.

नाडी कापड खाते

हा भाग कोणी सांगत नाही. मागे बांधायच्या कापडी नाड्या करायच्या तर चाळीस इंच लांब, दीड इंच रुंद अशा दोन पट्ट्या हव्यात. म्हणजे १२० चौरस इंच. मास्कचा एक अख्खा पदर ८१ चौरस इंचांचा. नाड्यांनाच दीड पदर कापड जातं! शिवाय त्या दुमडून चाळीस इंच शिवत बसायचं, त्यात मास्क शिवण्याइतकाच वेळ. तयार सुती नाडी पाच रुपये मीटर होती. एका मास्कला दोन मीटर, म्हणजे दहा रुपये. ज्यांचे कान दुखतात, चष्मा आहे, कानात यंत्र आहे त्यांच्यासाठी नाडीच चांगली, आणि ती तयार घ्यावी.

पाव इंची इलॅस्टिक आठ रुपये मीटर. एका कानाला सात इंच आणि शिवणीत जायला एक, दोन्ही कानांचे सोळा इंच. बारा मास्कना १९२ इंच, पाच मीटरांत बसतं. चाळीस रुपये. रबरासारखं गोल, चकचकीत इलॅस्टिक घेऊ नका, कानामागे काचतं.

आणि ते टी-शर्टचं कापड. जुना बनियन किंवा टी-शर्ट आडवा इंचभर रुंद कापत जायचा आणि प्रत्येक पट्टी दोन्ही हातांनी ताणायची. ती आपोआप गुंडाळून दोरीसारखी होते, कड उसवत नाही, शिवावी लागत नाही. खर्च शून्य. एका बनियनच्या पट्ट्यांत बारा मास्क सहज निघतात. ताईच्या मैत्रिणींना बनियनची कल्पना आवडेल की नाही, याची खात्री नव्हती, म्हणून मी इलॅस्टिक घेतलं.

नाकावरची तार वगळू नका. तिच्याशिवाय मास्क नाकाच्या दोन्ही बाजूंना तंबूसारखा उभा राहतो, चष्म्यावर वाफ धरते आणि भुकटी वरूनच आत येते. चार इंचांचा एक तुकडा पुरे. बारा मास्कना सव्वा मीटर लागली. ॲल्युमिनियमची मऊ तार वीस रुपयांत मिळाली. लोखंडी बाइंडिंग तार फुकट मिळते आणि पहिल्याच धुण्यात गंजून नाकावर पिवळा डाग पाडते. पावाच्या पिशवीची प्लॅस्टिक गुंडाळलेली तार दोन-दोन पिळून वापरली तरी चालते. टोकं वळवून घ्या, नाहीतर टोचतात.

शिवण

बारा मास्क एकेक करून शिवू नका. सगळे कापून घ्या, मग सगळ्यांची पहिली शिवण, मग सगळ्यांची दुसरी. दोन्ही चौकोन सुलट बाजू आत ठेवून वरखाली पाव इंचावर शिवायचे, उलटवायचे, इस्त्री मारायची. वरच्या कडेपासून अर्ध्या इंचावर दुसरी शिवण घातली की तारेला नळी तयार. मग तीन चुण्या, प्रत्येक अर्धा इंच खोल. साडेआठ इंचांची उंची त्याने साडेपाचवर येते. चुण्यांची तोंडं बाहेरून खाली हवीत. वर ठेवली तर प्रत्येक चुणीत मिरची साठते. मग कडांना दीड इंचाची पायपिन, तिच्यात इलॅस्टिकची टोकं, त्या चार कोपऱ्यांवर मागे-पुढे तीनदा टाके. मास्क पहिल्यांदा तिथेच उसवतो. चुण्यांना टाचण्या लावायच्या तर कडेलाच लावा, मधे भोकं पाडू नका. मधोमध जोडाची शिवण येणारे नमुनेही मी याच कारणाने टाळते.

मशीन नसेल तर हाताने होतो. बारीक धावदोरा आणि कोपऱ्यांना उलटा टाका. मला हाताने एकाला दीड तास लागला, मशीनवर बारा मिळून साडेचार तास, कापणी आणि इस्त्री धरून.

आता बिल. पॉपलिन एक मीटर ११०, अस्तर एक मीटर ७०, इलॅस्टिक ४०, तार २०, सुती दोऱ्याचं रीळ १५, मशीनची सुई १०. एकूण २६५. बाराने भागले, मास्क बावीस रुपयांना पडला. हाच एक शिवायचा असता तर दुकानदार अर्ध्या मीटरच्या खाली कापड फाडत नाही. ५५ आणि ३५, इलॅस्टिक मीटरभर ८, तार, रीळ आणि सुई तेवढीच. १४३ रुपये, आणि घरात उरलेल्या चिंध्यांची एक नवी पिशवी. एकच हवा असेल तर विकतचा घ्या. मनापासून सांगते.

उलट टोकाला, जुनं धोतर, एखादा सुती ब्लाउजपीस, बनियनच्या पट्ट्या आणि पावाच्या पिशवीची तार असेल तर खर्च रीळ आणि सुईचा, पंचवीस रुपये. मास्क दोन रुपयांना. सरकारने ठरवलेल्या तीन रुपयांच्या दुपदरी मास्कपेक्षाही स्वस्त आणि वर धुता येणारा. माझा बावीस रुपयांचा मास्क चार रुपयांच्या टाकाऊ मास्कशी तोलला तर सहाव्या वापराला फिटतो.

यात माझे साडेचार तास धरलेले नाहीत. बायकांच्या शिवणकामाचा वेळ हिशेबात धरायची पद्धत नाही, म्हणून मी मुद्दाम कोपऱ्यावरच्या टेलरना विचारलं. आपलं कापड, इलॅस्टिक आणि तार दिली तर एका मास्कचे २५ रुपये, दोरा-सुई त्यांची. बारांचे ३००, सामानाचे २४०, मिळून ५४०. मास्क ४५ रुपयांना. म्हणजे माझे साडेचार तास पावणेतीनशेचे झाले. टेलरकडे जायचंच तर दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी जाऊ नका, आणि एक नमुना स्वतः हाताने शिवून न्या. तोंडी सांगितलं की मास्क ब्लाउजच्या बाहीसारखा गोल येतो.

एक वस्तू अजिबात घेऊ नका. स्टेपलरसारखं दिसणारं हातातलं छोटं शिलाई मशीन. चारशे रुपये घालून मी घेतलं होतं. ते एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतं. शेवटचं टोक नीट अडकवलं नाही आणि चुकून ओढलं गेलं की अख्खी शिवण सरसरत निघून येते. विकणाऱ्याने परत घेतलं नाही. त्याऐवजी घरातलं जुनं पायाचं मशीन दुरुस्तीवाल्याला दाखवा. माझ्याला नवा पट्टा आणि तेलपाणी मिळून अडीचशे लागले, ते मी मास्कच्या हिशेबात धरलेले नाहीत, कारण त्या मशीनवर पडद्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत बरंच काही व्हायचंय. मास्कसाठी म्हणून नवं मशीन घेणं मात्र हिशेबात कुठेच बसत नाही.

धुणं आणि डागडुजी

रोज वापरणाऱ्याला किमान तीन हवेत, एक तोंडावर, एक दोरीवर, एक घडीत. गरम पाणी, साधा साबण, कडक ऊन. २०२० च्या सरकारी पुस्तिकेत पावसाळी दिवसांसाठी उपाय होता, मास्क मिठाच्या पाण्यात घालून कुकरमध्ये दहा मिनिटं उकळायचे, कुकर नसेल तर पातेल्यात पंधरा मिनिटं. कापडाला काही होत नाही. इलॅस्टिकला होतं, माझ्याकडचं दोन-चार कुकरांत सैल पडलं. कुकरचीच पाळी येणार असेल तर नाडीचे मास्क शिवा. तिखटाचा मास्क धुताना आधी कोरडाच बाहेर झटकायचा, वाऱ्याकडे पाठ करून. मग थंड पाणी, मग साबण, आणि मुलांच्या कपड्यांबरोबर बादलीत टाकायचा नाही.

ताईला पाकीट पाठवायला साठ रुपये गेले, म्हणजे मास्कमागे पाच. बावीसचे सत्तावीस झाले. चार दिवसांनी तिचा फोन आला, "छान झालेत गं. पण शेजारच्या काकूंचे कान दुखतात, त्यांना नाडीचे दोन करून दे." नाडी चार मीटर, वीस रुपये, वहीत लिहिलं.

इलॅस्टिक सैल झालं तर मास्क टाकू नका, पायपिनचा कोपरा उसवून नवा तुकडा घाला, तीन-साडेतीन रुपयांचं काम आहे. कापड चुणीच्या घडीवर विरलं, उजेडात धरल्यावर रेघ दिसायला लागली, की मात्र तो संपला. त्याचं फडकं करायचं. नळीतली तार ओढून काढून ठेवायची, पुढच्या मास्कला तीच चालते.